आतल्या खोलीच्या शिरीनबाई

शिरीनबाई कुणाच्याही घरी गेल्या की पुढच्या खोलीत थांबत नसत. चपला काढायच्या, "येऊ ना?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता थेट स्वयंपाकघर गाठायचं. माझ्या बायकोला पहिल्या भेटीत हे अजिबात आवडलं नव्हतं. ओट्यावर खरकटी भांडी होती आणि ही गोरीपान म्हातारी त्यांच्याकडे टक लावून बघत बसलेली. "धुऊ नको, दीकरी," त्या म्हणाल्या, "मला असंच पायजे."

इराणातल्या यझ्दहून लग्न होऊन त्या विसाव्या वर्षी डहाणूला, चिकूच्या वाडीत आल्या. माहेरी परत जाणं पुढे झालंच नाही. आईचं स्वयंपाकघर त्या विसरायला लागल्या तेव्हा घाबरून त्यांनी ते आठवून रंगवलं. तेच पहिलं चित्र. मग पन्नास वर्षं त्या लोकांच्या आतल्या खोल्या रंगवत राहिल्या. घडी न केलेल्या गोधड्या, दाराआड वाळणारे कपडे, कोनाड्यातला कंगवा. माणूस एकाही चित्रात नाही. "माणूस बसला की पोज देते," त्या म्हणत. "उठून गेला की खोली बोलते." मुंबईची गिऱ्हाइकं समुद्र मागत. "समुद्र तर फुकट दिसते," असं म्हणून त्या फोन ठेवून देत. सासरचे या नादाला हसायचे. चित्रं वाडीतल्या गोदामात पडून राहिली.

तलासरीकडच्या उधव्याला, आदिवासी पाड्यावर, मी शाळेत शिक्षक होतो. तिथल्या लाडकीबाईंकडे मीच त्यांना नेलं. मी पडवीत बसलो, त्या आत गेल्या. पुढे महिनाभर त्या एकट्याच तलासरीपर्यंत एसटीने आणि तिथून रिक्षाने जात राहिल्या. भाताची झोडणी झाली. कुळाच्या देवांना दाखवल्याशिवाय त्या घरात नवा तांदूळ कुणी खात नाही. त्यासाठी लाडकीबाईंनी कोपऱ्यातली देवांची झाकलेली टोपली उघडली. शिरीनबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांना कुणी उठवलं नाही.

शिरीनबाईंनी काढलेलं त्या उघड्या टोपलीचं चित्र मुंबईच्या एका गॅलरीला इतकं आवडलं की बहात्तराव्या वर्षी त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ठरलं. निमंत्रणपत्रिकेवरही तेच चित्र घेतलं. पत्रिकेचा नमुना घेऊन आम्ही कौतुकाने उधव्याला गेलो. लाडकीबाईंनी तो बघितला आणि पालथा घातला. "बाय, तुला घरातली म्हणून बसू दिली," त्या म्हणाल्या. "आमचे देव बाहेरच्याला दाखवत नाय."

परतताना मीच म्हटलं, मुंबईत कुणाला काय कळणार आहे? शिरीनबाई चिडल्या. "मास्तर, मी इथे पन्नास वर्ष पाव्हणी होते. एका बाईने आत घेतली, तर मी तिची टोपली बाजारात ठेवू?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी चित्र परत मागवलं. त्याच्याशिवाय गॅलरीला प्रदर्शन नको होतं. ते रद्द झालं, पुन्हा कधी ठरलं नाही. चित्र त्यांनी लाडकीबाईंना नेऊन दिलं. मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटला. अजूनही थोडा वाटतो.

यंदा शिरीनबाई गेल्या. सांगायला मी उधव्याला गेलो. लाडकीबाई बराच वेळ पदर तोंडाशी धरून बसल्या. निघताना मी विचारलं, ते चित्र एकदा बघू का?

"आत हाय, टोपलीच्या बाजूला," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा, गुरुजी. चहा आणते." आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.