आबांचं खाकरणं

काल होडीच्या बुडाला डांबर लावत होतो. त्या गरम, उग्र वासानं आबा आठवले. आबा म्हणजे माझे आजोबा. ब्याण्णव वर्षं जगले आणि त्यातली सत्तर तरी मुळशीच्या धरणावर होडी हाकण्यात घालवली. शेतीपेक्षा वल्ह्यावर जीव जास्त.

मी कॉलेजात असताना एका दुपारी त्यांनी मला सोबत नेलं. ऐन मध्यावर त्यांनी वल्ही थांबवली आणि ते मोठ्यानं खाकरले. आत बायामाणसं असतात म्हणून थोरले दाराबाहेर खाकरतात ना, अगदी तसे.

"आबा, पाण्यात कोण आहे?" मी हसलो.

"आपलं जुनं घर हाय खाली. आंगणात शिरताना सांगाय नगं?"

"तुम्ही तर धरण झाल्यावर जन्मलात!"

"म्हनून काय झालं? माझ्या बापानं ही जागा दावली. माझ्यामागं तू खाकर. न्हाईतर परका समजतील."

मला हसू आवरेना. पण होडीखाली मघापासून चाललेली पाण्याची चुळबुळ थांबली होती. मोठं माणूस आलं की घरातली कुजबूज थांबते, तशी.

आबांना जाऊन वर्ष झालं. आज डांबर वाळल्यावर एकटाच होडी घेऊन निघालो. असलं काही करायचं नाही, हे पक्कं ठरवलं होतं. पण त्या जागी आलो आणि पुढे वल्हं मारवेना. शेवटी खाकरलो.

पाणी गप्प झालं.

मग खालून, घरातनं, आबा खाकरले.