शेवईच्या पेटीची चौकशी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण या गोष्टीत मूर्ख ठरतो तो मीच. तेही पस्तीस वर्षं बातमीदारी करून, लोकांचा गलथानपणा चव्हाट्यावर मांडून झाल्यावर.

मी मुलीकडे राहायला आलो, डब्लिनजवळ ओंगारला. अकरा वर्षांच्या इराने, म्हणजे नातीने, बॅग ठेवायच्या आत मला ओढत आपल्या खोलीत नेलं. "आजोबा, मीट शेवई."

शेवई म्हणजे तिने नवा पाळलेला साप. केशरी, हातभर लांब. ज्या देशाच्या रानात औषधालाही साप नाही, तिथे माझ्या जावयाने तो हौसेने घरात आणला होता.

"बिनविषारी आहे, बाबा," निखिल म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"दुकानदार."

"म्हणजे ज्याला तो विकायचा होता, तो." मी वही काढली.

मुग्धाने, माझ्या मुलीने, एकच अट घातली होती. शेवई एकदा जरी पेटीतून निसटली, तरी दुकानात परत. इराने ती मान्य केली होती.

निखिल कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने पेटी समजावून सांगितली. समोर सरकत्या काचा, त्यांना कुलूप. एका बाजूला खालून ऊब देणारी पट्टी, ती फार तापू नये म्हणून नियंत्रक. दुसरी बाजू गार. दोन्हीकडे लपायला एकेक बीळ, आणि पाण्याचं भांडं.

"एवढंच?"

"एवढंच लागतं, बाबा."

आता मला सांगा, हे वाक्य मी किती साहेबांच्या तोंडून ऐकलं असेल? ज्याने ज्याने ते म्हटलं, त्याने बांधलेली पाण्याची टाकी पुढच्या पावसाळ्यात गळली.

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर मी पाहणी सुरू केली. फोटो हवेत, पण काचेत दिसायचा माझाच चेहरा. पुराव्यात बातमीदार दिसता कामा नये. खिळ्यावरची किल्ली घेतली, कुलूप काढलं, काच सरकवली आणि चार फोटो काढले. तेवढ्यात खाली दूध उतू गेल्याचा वास आला. पळालो. शेगडी पुसता पुसता मथळा सुचला, तसाच लिहायला बसलो: 'निवासी वस्तीत सर्पसुरक्षेचा बोजवारा'. घरच्या ग्रुपवर पाठवलासुद्धा.

तीनला इरा शाळेतून आली, वर गेली आणि जिन्यातूनच म्हणाली, "आजोबा, व्हेअर्स शेवई?"

पेटी उघडी, दोन्ही बिळं रिकामी.

"सकाळी पाणी कोणी बदललं?" मी वही उघडली.

"मी. बट आय लॉक्ड इट." मग हळूच, "आय थिंक."

मी ते 'आय थिंक' अधोरेखित केलं.

मुग्धा आणि निखिल काम टाकून घरी आले. पलंग उलटे झाले, बूट झटकले गेले. शेवटी निखिलने हॉट प्रेस उघडलं. इथे गरम पाण्याच्या टाकीभोवती कपडे वाळवायचं कपाट असतं, त्याला तसं म्हणतात. माझ्या कानटोपीत शेवई वेटोळं घालून स्वस्थ पडली होती.

"ग्रँड आहे," निखिल म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'ठणठणीत'.

मुग्धा खुर्चीत बसली. "इरा, अट म्हणजे अट."

 इराचे डोळे भरून आले.

इथे मी गप्प बसलो असतो तर? पण हातात पुरावे असताना गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. "पेटीतच मूलभूत दोष आहे," म्हणत मी फोन टीव्हीला जोडला.

पडद्यावर पहिला फोटो आला. काच सताड उघडी. बिळातून डोकावणारी शेवईची शेपटी. आणि कोपऱ्यात माझा डावा हात, त्यात कुलूप आणि किल्ली.



"मम," इरा डोळे पुसत म्हणाली, "शेवई डिडन्ट एस्केप. आजोबा लेट हर आउट."

मुग्धाने फोटो नीट पाहिला. "बरोबर आहे. अट सापाला घातली होती. बाबांना घालायची राहून गेली."

शेवई घरातच राहिली. पस्तीस वर्षांत मी स्वतःच्या चुकीचा खुलासा छापला असेल तर तो आतल्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. इराने मात्र मोठा कागद आणला, जाड पेन दिलं आणि माझ्याकडूनच लिहून घेऊन तो काचेवर चिकटवला:

'पेटीत दोष नव्हता. आजोबांत होता.'

खाली सही माझी.