उस्ता गुदर्जने ठेवलेलं भोक

इराणातल्या आमच्या हमदानात गॅसची शेकोटी बसवणारे बरेच आहेत, पण बसवून झाल्यावर न बोलावता परत येणारा मिस्त्री एकच, उस्ता गुदर्ज. तिसऱ्या दिवशी तो दारात हजर. चहा नको म्हणायचा, ज्योतीकडे बघायचा, धुराड्याच्या नळीवर उलटा हात धरायचा आणि निघून जायचा.

गल्लीतल्या बायका त्याला 'थंडीचा दलाल' म्हणत. खिडक्यांच्या फटी तो स्वतः स्पंजच्या पट्टीने बुजवून द्यायचा, दाराखाली रबर लावायचा, आणि एवढं सगळं करून शेकोटीच्या मागे, जमिनीलगत, भिंतीत मुठीएवढं भोक पाडायचा.

"आगीला हवा लागते," तो म्हणायचा. "बाहेरची दिली नाही तर ती तुमच्या छातीतली घेते. भोक तिच्या मागे ठेवलंय, म्हणजे वारा आधी तिच्याकडे जाईल, तुमच्या पायांकडे नाही."

हिवाळ्यात हा धिप्पाड माणूस सतत भ्यालेला असे. सकाळी एखाद्या घराचा पडदा उशिरापर्यंत सरकला नाही, तर सायकल थांबवून तो खाली उभा राहायचा. "उस्ता, शुक्रवारची सुट्टी आहे, झोपू दे की लोकांना!" असं कुणी ओरडलं की मगच पुढे जायचा.

आमच्या भिंतीला भिंत लागून मुनव्वर खानुमचं घर. तिचा मुलगा सियामक बंदरापर्यंत ट्रक नेतो. त्याची बायको सुदाबे बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. रस्त्यावर निघण्याआधी सियामकने बाळंतिणीच्या खोलीत शेकोटी बसवून घेतली. उस्ताने काम केलं तेव्हा सुदाबे आणि बाळ दुसऱ्या खोलीत होती, मुनव्वर खानुम त्यांच्यापाशी. परक्या पुरुषाने त्यांच्या खोलीत कसं जायचं? काय बुजवायचं, काय नाही, ते त्याने बैठकीत चहा पिता पिता सियामकला सांगितलं. सियामकने मान डोलावली आणि संध्याकाळी तो ट्रक घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या छतावरचा बर्फ फावड्याने लोटत होते, तेव्हा खाली त्याची सायकल दिसली. मुनव्वर खानुमने दार साखळीएवढंच उघडलं.

"काळा सदरा घालून आलास, उस्ता? कुणाच्या मयतीहून?"

"मेहुण्याच्या. ज्योत बघतो आणि जातो, खानुम."

"बाळाचे चाळीस दिवस पुरे झाल्याशिवाय मयतीचा माणूस माझ्या नातवाच्या घरात पाऊल टाकणार नाही. तुझी शेकोटी झकास आहे. खोली कशी तंदुरासारखी तापलीय."

"कुणाचं डोकं दुखतंय?"

"सुनेचं. बाळंतिणीचं डोकं दुखायचंच! आम्हाला काय फुलं वाहिली होती?"

"आणि बाळ?"

"बाळ गुणाचं आहे हो." तिचा आवाज मऊ झाला. "कालपासून रडणं नाही की दूध मागणं नाही. नुसतं झोपतंय."

उस्ताने हळूच विचारलं, "ते भोक?"

"ते होय? माझी जुनी दुलई कोंबलीय त्यात. बाळंतिणीच्या पाठीशी वारा सोडतोस, लाज नाही वाटत?"

त्याने दाराला खांदा लावला. साखळी करकरली, तुटली नाही. मुनव्वर खानुम "चोर! चोर!" म्हणून ओरडू लागली. तेवढ्यात त्याने मान वर केली. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"पोरी, त्यांच्या धुराड्याच्या टोपीवर हात धर!"

मी कठडा ओलांडला. खाली आग जळत होती, पण टोपीवर बोटभर बर्फ तसाच होता, न वितळलेला. पत्रा हाताला चावला. धूर वर येतच नव्हता.

"गार आहे, उस्ता."

"फावडं टाक!"

दाराशेजारच्या पिवळ्या नळीचा खटका त्याने आडवा केला, घरातला गॅस बंद झाला. मग फावड्याने बाळंतिणीच्या खोलीची खिडकी फोडली. आईने आमच्या घरातून रुग्णवाहिकेला फोन लावला. मुनव्वर खानुम शिव्या देत खोलीकडे धावली: त्याच्या हातांना, त्याच्या बापाला, त्याच्या धंद्याला.

शिव्या मध्येच थांबल्या.

काचेच्या आवाजाने सुदाबे जागी झाली नव्हती. बाळही रडलं नव्हतं.

मुनव्वर खानुमने येऊन साखळी काढली. उस्ता आत गेला आणि बाळ घेऊन अंगणात आला. मुनव्वर खानुम आणि माझ्या आईने सुदाबेला काखेत धरून ओढत आणलं. ती पायरीवर ओकली, म्हणजे जिवंत होती. बाळाचे गाल लाल होते, नको तितके लाल. उस्ता बर्फात गुडघे टेकून त्याचे तळवे चोळत होता. काळ्या सदऱ्याचं आता कुणाला भान नव्हतं.

"रड," तो म्हणत होता. "रड की रे, माझ्या राजा. शिव्या दे मला."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. बाळ रडत होतं.

दवाखान्यातून दोघं पाचव्या दिवशी घरी आली. सहाव्या दिवशी उस्ता काच बसवायला आला. मुनव्वर खानुमने त्याला सरळ खोलीत नेलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सियामकला सगळं सांगितलं होतं, खानुम."

"सियामक ट्रकमध्ये झोपतो. घरात मी असते."

त्याने काच भिंतीला टेकवली. 

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तीस वर्षं चुकतंय."

मग त्याने तिला भिंतीपाशी बसवलं आणि हात त्या भोकापुढे धरायला सांगितलं. गार हवा बोटांना लागताच तिने हात मागे घेतला, परत धरला.

"एवढीशी?"

"एवढीशीच. हिला अडवायचं नाही. ज्योत पिवळी होऊन काजळी धरू लागली, कुणाचं डोकं दुखलं, तर आधी खटका, मग खिडकी, मग मी."

"आधी खटका," ती पुटपुटली. "मग खिडकी."

पलीकडे सुदाबे बाळाला घेऊन पडली होती. बाळ दूध पिऊन झोपलं होतं. मुनव्वर खानुम उठली, त्याच्या नाकाखाली बोट धरून थांबली, येऊन बसली. उस्ताची काच अजून बसवून झाली नव्हती, तोवर ती पुन्हा उठली.