आतून लागणारी कडी

अख्ख्या बीड जिल्ह्यात वस्तूंवर चिडणारा एवढा मोठा माणूस दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आला. लोक माणसांवर चिडतात, सरकारवर चिडतात, पाऊस नाही पडला की आभाळावर चिडतात. आमचे दाजी तांब्यावर चिडतात. खुर्चीवर चिडतात. हॉटेलात चहा कान नसलेल्या काचेच्या ग्लासात आला की त्याला हात न लावता ते नुसते त्याच्याकडं रोखून बघत बसतात आणि मग गल्ल्यावरच्या माणसाला हाक मारतात, "हे च्या प्यायला दिलंय का बोटं भाजायला?" तो बिचारा म्हणतो, "काका, सगळेच पितेत की." यावर दाजी, "सगळ्यांची बोटं मेली आसतील. माझी जित्ती हायेत." आता बघा, वेल्डिंग करून करून ज्या बोटांना निखारासुद्धा कळत नाही त्या बोटांची ही मिजास! पण ग्लास कपात बदलून आल्याशिवाय ते चहा पीत नाहीत, आणि आपणही त्यांच्यासोबत असलो तर आपल्यालाही पिऊ देत नाहीत.

माजलगावात मोंढ्याच्या रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. कपाटं, धान्याच्या कोठ्या, दारं, खिडक्यांच्या जाळ्या. काम सोन्यासारखं, पण गिऱ्हाईक टिकेल तर शपथ. कारण आलेल्या माणसाला "काय पाहिजे" असं ते विचारतच नाहीत. त्यांचा पहिला सवाल असतो, "घरात सगळ्यात बुटकं कोण?" उमापूरकडचा एक चांगला खातापिता शेतकरी कोठी घ्यायला आला होता. बुटकी आमची म्हातारी, असं तो सहज बोलून गेला. झालं. "तिला घेऊन या." "आहो, कोठी न्यायला आलो मी, म्हातारी कावून आणू?" "कोठीतून ज्वारी कोण काढतं? तू काढतो का ती?" तो माणूस तणतणत गेला आणि पुढच्या आठवड्यात जीपमधून खरंच म्हातारीला घेऊन आला. दाजींनी तिला कोठीपुढं उभं केलं, हात पुढं करायला लावला आणि जिथं हात आला तिथं खडूनं खूण करून ज्वारी काढायचं तोंड कापलं. म्हातारी खूश. जाताना लेकाला म्हणाली, "बघ, ह्या परक्या माणसाला माझा हात कुठवर जातो ते कळलं. तू चाळीस वर्षं माझ्या हातचं खातूस, तुला कळलं का?" तो लेक पुन्हा काही दुकानाची पायरी चढला नाही.

बँकेतली गंमत तर सगळ्या गावाला माहीत आहे. बँकेपुढं अपंगांसाठी सिमेंटचा उतार बांधला होता. दाजी त्याच्यापुढं बराच वेळ उभे राहिले. मग बँकेच्याच कोपऱ्यात धूळ खात पडलेली चाकाची खुर्ची त्यांनी ओढून काढली, स्वतः तिच्यात बसले आणि मॅनेजरला म्हणाले, "ढकला." मॅनेजर नवा होता, सज्जन होता, ढकलायला लागला. अर्ध्यावर गेला, धाप लागली, हात सुटले, आणि दाजी खुर्चीसकट उलटे घरंगळत थेट रस्त्यावरच्या केळीच्या गाड्याला जाऊन धडकले. तिथून उठता उठता ओरडले, "ह्यो उतार माणसासाठी हाय का ज्वारीच्या पोत्यासाठी?" केळीवाल्यासकट सगळे हसले. दाजी नाही हसले. घरी आले, गुडघ्याला हळद लावून घेतली आणि बहिणीला म्हणाले, "ज्यानं बांधलाय ना, त्याच्या घरात कुणी म्हातारं झालेलंच न्हाई. न्हाईतर त्यानं त्याला घरात ठेवलेलं न्हाई."

मला आधी हे सगळं वेड वाटायचं. बहिणीला म्हणायचे, कसं गं तू नांदतीस यांच्यापाशी. पण एकदा एसटी स्टँडवरच्या बायकांच्या संडासात गेले. आत पिशवी टांगायला खुंटी नाही. खाली सगळी घाण. आता पिशवी काय दातात धरावी माणसानं? तशीच बाहेर आले आणि मोटारीत बसल्यावर लक्षात आलं की माझी कानशिलं तापलीत. म्हणजे दाजींचा रोग मला लागला होता. तेव्हापासून मी त्यांना हसत नाही. एक साधी खुंटी. बांधणाऱ्याच्या मनात एक बाई नुसती क्षणभर येऊन गेली असती तरी ती खुंटी लागली असती. आली नाही, तिथंच सगळा प्रश्न आहे.

तर असे आमचे दाजी, आणि त्यांच्या दुकानात एक दिवस तालुक्यातले एक पुढारी गाडीतून उतरले. मी डबा घेऊन तिथंच बसले होते. पुढारी म्हणाले, "उसतोडीच्या बाया उघड्यावर आंघोळी करतात. आपल्याला काही हे बघवत नाही. पत्र्याची घडीची न्हाणी करून द्या. प्रत्येक टोळीला एक." दाजींचं तोंड उघडंच राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याच मनातलं बोललं होतं. त्यांनी घरून कानाच्या कपातला चहा मागवला आणि स्वतःच्या हातानं पुढाऱ्यांना दिला.

मग नमुन्याची न्हाणी सुरू झाली. पहिली तयार झाली तेव्हा त्यांनी भर रस्त्यात माझ्या बहिणीला बादली घेऊन आत जायला लावलं. ती दारातूनच म्हणाली, "आत मी जाऊ का बादली?" मोडली. दुसरी रुंद केली. त्यात मी गेले आणि आतून विचारलं, "दाजी, कोरडं लुगडं कुठं ठिवू?" बाहेरून कपाळावर हात मारल्याचा मोठा आवाज आला. "आयला, लुगडं!" एसटीवाल्यांना शिव्या देणारा माणूस स्वतःच खुंटी विसरला होता. त्या दिवशी ते स्वतःवर इतके चिडले की दुपारी जेवले नाहीत. मग सुमन आली. सुमन म्हणजे पावसाळ्यात बहिणीकडं भांडी घासते आणि दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊस तोडायला जाते, ती. कडेवर लेकरू. तिनं न्हाणी सगळीकडून बघितली, आतून कडी लावून बघितली, पुन्हा लावली, पुन्हा काढली, आणि म्हणाली, "लई झ्याक हाय मामा. पर मी आत आन लेकरू भाईर, त्ये रडून गोंधळ घालील." दाजींनी दाराचा पत्रा खालून वीतभर कापला. बाहेरच्या लेकराला आईचे पाय दिसले की ते गप बसतं. हे सुचलं तेव्हा दाजी हसले. मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच.

पुढारी नमुना बघायला आले, सोबत चार पोरं. "छान. दोनच बदल करा. दारावर आपला फोटो येईल. आणि कडी बाहेरून लावा."

"भाईरून?"

"कुलूप नको का? किल्ली टोळीच्या मुकादमाकडं राहील. शिस्त पाहिजे. नाहीतर कुणीही वापरील."

दाजींनी वेल्डिंगचा चष्मा काढला, पुसला आणि अगदी हळू विचारलं, "सायेब, तुमच्या घरच्या न्हाणीची किल्ली कुणाकडं आसती?"

पुढाऱ्यांनी पोरांकडं बघितलं.

"बाईनं आंघोळ करावी का नको, हे मुकादम ठरवणार? आन फोटो! बाई आत कापडं सोडणार आन तुमी दारात हात जोडून हासत उभे? तुमच्या आईम्होरं लावताल का आसला फोटो?"

एक पोरगं पुढं आलं, "ये म्हाताऱ्या, कुणासंगं बोलायलास बे तू?"

"तू गप ऱ्हा बे. तुझी कडी तर यांनी भाईरूनच लावलीया."

काम गेलं. न्हाण्या दुसरीकडून झाल्या, मापानं आखूड, पत्र्यानं पातळ, कडी बाहेरून, दारावर हसरा फोटो. फीत कापली, पेपरात आलं. मुकादमांनी त्यात डिझेलचे कॅन ठेवले आणि कुलपं लावली. बाया पहाटेच्या अंधारात साडीचा आडोसा धरून आंघोळी करत होत्या तशाच करत राहिल्या. मी त्या न्हाण्या येताजाता बघते. हात जोडलेत, दात दिसतायत. कुणाची माफी मागतोयस रे बाबा, असं विचारावंसं वाटतं, पण तो माफी मागत नाही हे मला माहीत आहे.

नमुन्याची तेवढी एक न्हाणी दाजींनी सुमनच्या टोळीच्या ट्रॅक्टरवर चढवून दिली. यंदा तिची टोळी आपल्याच तालुक्यात, कारखान्याजवळच्या माळावर उतरली होती. पण बघायला जायला दाजी तयार होईनात. "बायांच्या न्हाणीकडं जाऊन मी काय बघू? आक्का, तुमी जावा." मी रिक्षानं गेले. माळावर ताडपत्रीच्या कोप्या, म्हणजे टोळीच्या झोपड्या, आणि कडेला ती न्हाणी ऐटीत उभी. बाहेर बायांची रांग. पहिली बाई काही निघेना. दुसरी दारावर थाप मारून ओरडली, "ये भवाने, आत पेरणी करायलीस का?" रांग खिदळली. दारामागून सुमनचाच आवाज आला, "आले गं, आले."

बाहेर आली तेव्हा केस ओले, तोंड शांत. मी विचारलं, "का गं, येवढा येळ?" ती लाजली. म्हणाली, "आक्का, पाणी आसतंय बादलीभर, ते कवाच संपतंय. मंग मी तशीच जराशीक बसते. कुणी हाक मारत न्हाई, कुणाला वाढायचं न्हाई. कडी लावली की माझी मी."

परत येऊन मी दाजींना सगळं सांगितलं. दार घासत नाही, कडी नीट बसते, लेकरं फटीतून पाय बघतात. मग सुमन आत नुसती बसून राहते, हेही सांगितलं. त्यांनी मान वर केली.

"कशावर बसती?"

"खालीच. वल्या मातीत, चवड्यावर."

आता चिडतील, म्हणून मी वाट बघितली. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "मी आत बसायला कायबी ठिवलं न्हाई, आक्का."

दोन दिवसांत त्यांनी एक बुटका पाट केला, कडा घासून घासून गुळगुळीत, भिंतीला मिटेल असा. तो घेऊन आम्ही गेलो तर माळ मोकळा होता, टोळी पुढच्या कारखान्याला हलली होती. पाट दुकानातच आहे. बहिणीलासुद्धा ते त्यावर बसू देत नाहीत. दुकानापुढून उसतोडीचा ट्रॅक्टर गेला की हातातलं काम थांबवून, चष्मा कपाळावर सारून, तो वळणापल्याड जाईपर्यंत बघत राहतात.