अध्यक्षांच्या पोर्चमध्ये मक्याचे पानिये

"मांडू बघायचं असेल तर पावसाळ्यात ये. आत्ता येणार असशील तर बुधवारची आमची बैठक बघायला ये." वन्संनी फोनवर एवढंच सांगितलं आणि मी सांगलीच्या बँकेत पाच दिवसांची रजा टाकली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, सुमनवन्सं. लग्न होऊन देवासला गेल्या, पुढे यजमानांच्या नोकरीमुळे धार जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात राहिल्या. तिथल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर नगर परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे वाचलंत की कारण कळेल.

पुण्याहून इंदूरची स्लीपर बस घ्या, पण खालचा बर्थ मागा. वरच्या बर्थवर घाटात माणूस बरणीतल्या लोणच्यासारखा हलतो. इंदूरहून देवास तासाभराचं, बस सतत असतात. वन्सं सासरच्या कुलदेवीला नमस्कार करायला म्हणून देवासलाच आल्या होत्या. टेकडीवर रोपवेने जाता येतं. वन्संनी पायऱ्याच धरल्या. मी दर वळणावर थांबत होते, त्या सत्तरीच्या जवळ असून पुढे.

दर्शन झाल्यावर विचारलं, "काय मागितलंत?"

"मागायला नाही आली. उद्या काय करणार ते सांगून दिलं."

खाली येऊन पोहे-जिलबी खाल्ली आणि इंदूरमार्गे पुढची बस धरली. पीथमपुरापर्यंत दोन्ही बाजूंना कारखाने, नंतर एकदम हिरवा गहू. खिडकीशी बसून वन्संनी प्रकरण समजावलं.

गावात एक जुना चुंगीनाका आहे. म्हणजे पूर्वीचा जकातनाका, आता नुसती शेड. समोरच पीथमपुरला जाणाऱ्या शिफ्टच्या बस थांबतात. दोन वर्षांपूर्वी वन्संनी ती शेड जवळच्या पाड्यांवरच्या सहा भिल्ल बायकांना सकाळपुरती दिली. त्या मक्याचे पानिये आणि उडदाची डाळ विकतात, शेतातली भाजी विकतात. गावच्या ओल्या कचऱ्याचं खत परिषद त्यांना देते, तेच त्यांच्या मक्याला जातं. आता काही नगरसेवकांना तिथे 'हरित बाजार' हवा होता. काचेचे ठेले, सोलर दिवे, प्लास्टिकबंदी.

"चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"चांगलंच आहे. फक्त डिपॉझिट एवढं ठेवलंय की थावरीबाईने बाहेरूनच बघायचं."

ही थावरीबाई बुधवारी सकाळी सहाला भेटली. थंडीने माझे हात शालीतून निघत नव्हते आणि ती उघड्या हातांनी पीठ थापत होती. मक्याचं पीठ पळसाच्या दोन पानांत दाबायचं आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचं, म्हणजे पानिया. पान सोलून काढलं की त्याच्या शिरा भाकरीवर उमटलेल्या दिसतात. डाळीसकट तीस रुपये. शेजारी कंपनीच्या गणवेशातला एक कामगार उभ्यानेच जेवत होता. मी पाहुणी आहे हे ओळखून म्हणाला, "बिस्कुट खाके चढ़ो तो दस बजे चक्कर आते हैं, दीदी. ये खाया तो दोपहर तक गाड़ी चलती है."

धूर मात्र होता, खोटं कशाला बोलू? माझे डोळे चुरचुरत होते.

अकरा वाजता बैठक. मला मागच्या भिंतीलगत खुर्ची मिळाली. पंधरा नगरसेवक, वन्सं त्यांच्यातल्याच एक. विरोधाचं नेतृत्व सगळे ज्यांना राजूभिया म्हणतात ते करत होते. वन्संच्याच पक्षाचे, माणूस बोलायला गोड.

"जिज्जी, हम गरीब के खिलाफ थोड़ी हैं," ते वन्संना म्हणाले. "पर धुआँ देखिए. स्वच्छता में नंबर कटेंगे. शहर को आगे ले जाना है कि नहीं?"

वन्सं उठल्या. शाळेतल्यासारखा हात टेबलावर ठेवला. "धुआँ होता है तो चूल्हा बदलो. औरतें क्यों बदल रहे हो? गाँव का कचरा उनके खेत में जाता है, उनका अनाज गाँव के पेट में. इससे हरा बाज़ार कौन-सा लाओगे? काँच का?"

कोणीतरी हसलं. मग मतदान झालं. मी हात मोजले, परत मोजले. आठ विरुद्ध सात. वन्सं हरल्या होत्या. बैठकीआधी "आम्ही तुमच्यासोबत" म्हणून त्यांना वाकून नमस्कार करणारे दोन हातही त्या आठांत होते. मला संताप आला. वन्संनी ठराव मंजूर झाल्याची नोंद करायला सांगितली, चष्मा पुसला आणि पुढचा विषय घेतला.

घरी आलो. पानं घेतली, आम्ही जेवलो. हात धुताना म्हणाल्या, "मेधा, शेड त्यांची झाली. पोर्च कोणाचं आहे?"

"कुठलं पोर्च?"

"परिषदेच्या दारातलं. अध्यक्षांची गाडी लावायला राखीव आहे. मी तर पायीच जाते. तिथे काय ठेवायचं ते मी ठरवणार."

गुरुवारी पहाटे वन्संनी स्वतःच्या स्वयंपाकघरातली शेगडी आणि सिलिंडर रिक्षात चढवलं. त्यांच्या ओट्यावर चहा करायला काही उरलं नाही म्हणून आम्ही बिनचहाच्याच निघालो. वन्संनी रात्रीच निरोप धाडला होता, त्यामुळे परिषदेच्या पोर्चबाहेर सहाही बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. आत पाय ठेवायला कोणी तयार नव्हतं. त्या दारातून कधी हाकललं गेलं असेल, कोणाला माहीत. वन्संनीच फरशीवर सतरंजी अंथरली आणि आधी स्वतः बसल्या. मग थावरीबाई बसली.

गॅसवर, जाड तव्यावर झाकण ठेवून पानिये भाजले. थावरीबाईने पहिला मोडून चाखला आणि तोंड वाकडं केलं. "स्वाद आधा रह गया, जिज्जी. पर बैठे तो हैं."

शिफ्टचे कामगार शोधत शोधत तिथवर आले. बसवाल्याने दोन मिनिटं जास्त थांबायचं कबूल केलं. नऊच्या सुमारास परिषदेचे मुख्य अधिकारी आले. तरुण माणूस, घाबरलेला. "मैडम, ऊपर से फोन आएगा."

"आएगा तो मुझे दे देना. आपने नाश्ता किया?"

त्यांनी खरंच खाल्लं. उभ्याने, पाठ रस्त्याकडे करून.

थोड्या वेळाने राजूभिया आले. मोबाइल काढून टोपल्यांचे, शेगडीचे, बायकांचे फोटो घ्यायला लागले. बायकांनी पदर पुढे ओढले. थावरीबाईने ओढला नाही. सरळ मोबाइलकडे बघत म्हणाली, "धुआँ आया क्या फोटू में, भिया?"

त्या दुपारी मी परतीची बस धरली. धारहून मांडू तासाभरावर आहे, तुम्ही गेलात तर जरूर बघा. माझं राहिलं आणि मला त्याचं काही वाटत नाही.

सांगलीत येऊन आता तीन आठवडे झाले. शहर कोणासाठी सुंदर करायचं हा प्रश्न मी आधी कधी स्वतःला विचारला नव्हता. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरची भाजीवाली गेल्या वर्षी उठवली, तेव्हा तक्रारीच्या कागदावर माझीही सही होती. ते आठवून अजून मान खाली जाते.

काल वन्संचा फोन आला. पक्षाने नोटीस पाठवली आहे. सोबत राजूभियांनी काढलेला फोटो आणि प्रश्न: कार्यालयाच्या दारात या अनधिकृत महिला कोणाच्या परवानगीने बसल्या? पुढच्या वेळी तिकीट नाही, हे तोंडी कळवलंच आहे.

"मग काय उत्तर देणार?"

"देऊन दिलं," वन्सं म्हणाल्या. "त्याच फोटोवर प्रत्येकीच्या डोक्यावर तिचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. खाली लिहिलं, यांना मी बसवलं. आणि सही केली."