नऊ नंबरचा प्लॉट

दयाराम कोणाची बाजू घेत नसे. देऊळगाव राजाच्या रस्त्यावरच्या कापूस संशोधन केंद्रात त्याची ओळख एवढीच होती, आणि ती पुरेशी होती. निंदणाच्या वाटणीवरून बायकांचं भांडण लागलं की दयारामला बोलवा. पाण्याच्या पाळीवरून दोन शास्त्रज्ञांनी एकमेकांशी बोलणं सोडलं की दयारामला बोलवा. तो दोघांच्या मधे बसायचा, तंबाखू मळायचा आणि दोघेही थकेपर्यंत ऐकत राहायचा. भांडण मिटायचं म्हणजे काय व्हायचं, तर ज्याच्यात बळ कमी तो आधी थकायचा. दयारामला हे ठाऊक होतं. त्याने ते कधी कोणाला सांगितलं नाही.

तो मूळचा दुसरबीडचा. अठरा वर्षं रोजंदारीवर काढल्यानंतर केंद्रात कायम झाला. पेरणीपासून वेचणीपर्यंत बारा प्लॉटची देखरेख त्याच्याकडे असे.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात विद्यापीठाकडून एक परिपत्रक आलं. पीएच.डी. होऊन कंत्राटावर काम करणाऱ्या संशोधकांचे वरिष्ठांशी वाद होतात, त्यांना दाद मागायला जागा नसते, म्हणून प्रत्येक केंद्रात संवाद कक्ष असावा आणि त्यात एक तटस्थ माणूस नेमावा. शास्त्रज्ञांपैकी कोणी तयार होईना. केंद्राच्या प्रमुखांनी दयारामचं नाव लिहून टाकलं.

विद्यापीठात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथे शिकवलेलं दयारामने पाठ केलं. दोघांनी आळीपाळीने बोलायचं. एक बोलताना दुसऱ्याने लिहून घ्यायचं आणि जे ऐकलं ते वाचून दाखवायचं. मध्यस्थाने बाजू घ्यायची नाही. आणि शेवटचा नियम: ज्याचा हात त्या प्रकरणात आहे, त्याने ते प्रकरण हाती घेऊ नये. बियाण्याच्या जुन्या खोलीत एक टेबल आणि तीन खुर्च्या टाकल्या. भिंतींना औषधाचा वास होता. तो कधी गेला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत त्या खोलीत पहिलं प्रकरण आलं. कौसर आणि डॉ. वायाळ.

कौसर देऊळघाटची. वडील नजीर शिलाईकाम करायचे. घराण्यात कॉलेजात गेलेली ती पहिली. केंद्रात ती दोन वर्षांच्या कंत्राटावर गुलाबी बोंडअळीचं काम करत होती. दर सोमवारी प्रत्येक प्लॉटमधून वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची आणि अळ्या मोजायच्या. प्लॉट बीटी कपाशीचे. या अळीने त्या बोंडात जगायलाच नको. पण चार, सात आणि नऊ नंबरच्या प्लॉटमध्ये तिला जिवंत अळ्या सापडल्या. एकदा नाही, सलग सहा सोमवार.

डॉ. वायाळ तिचे वरिष्ठ. त्यांचं म्हणणं, बांधालगत साध्या कपाशीच्या ओळी असतात, तिने ती बोंडं प्लॉटच्या पिशवीत मिसळली. तसं तिने लिहून द्यावं, मग पुढच्या कंत्राटाचं बघू. झाडं तपासून खरंखोटं करता आलं असतं, पण तपासणीचं सामान आलं तोवर कपाशीची पऱ्हाटी उपटून झाली होती.

"मी मिसळली नाहीत," कौसर म्हणाली. "चारमध्ये सापडल्या, सातमध्ये सापडल्या, नऊमध्ये सापडल्या. ज्या दिवशी सापडल्या त्याच दिवशी सरांना दाखवल्या. अळी बीटीत जगायला लागली असेल तर लोकांना आत्ता सांगायला हवं."

डॉ. वायाळांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. "दोन-तीन प्लॉटमध्ये अळ्या सापडल्या असं त्यांचं म्हणणं आहे."

"दोन-तीन नाही. चार, सात, नऊ."

"बरं बाई. चार, सात, नऊ."

दयारामच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. चार आणि सात. जूनमध्ये त्या दोन प्लॉटमध्ये बी नीट उगवलं नव्हतं, ओळींत जागोजाग नांग्या, म्हणजे मोकळ्या जागा, पडल्या होत्या. पिशवीतलं बीटी बियाणं संपलेलं. सोबतच्या छोट्या पुड्या मात्र बांध लावूनही उरल्या होत्या. त्यात बांधालगत लावायचं साधं बी असतं, पण दुसरबीडात त्या पुडीने कोणी बांध लावत नाही. नांग्या भरतात, नाहीतर उकिरड्यावर टाकतात. पेरणीवरच्या सोजराबाईने विचारलं होतं, "दयारामभाऊ, थे पुड्याइचं का करू?" आणि तो म्हणाला होता, "भरून टाक नांग्या. बी वाया काऊन घालवतं?"

चाळीस वर्षांच्या सवयीने तो म्हणाला होता. प्रयोगाचा प्लॉट आहे, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यातही आलं नाही.

कौसर त्याच्याकडे वळली. "काका, पेरणी तुमच्यासमोर झाली. तुम्हीच सांगा. चारमध्ये, सातमध्ये बीटीशिवाय दुसरं काही लावलं होतं का?"

खोलीत वास होता. डॉ. वायाळांनी पेनाचं टोपण लावलं.

तो बोलला असता तर कौसरवरचा आळ तिथेच संपला असता. आणि कायम झालेला एक माणूस, निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं असताना, चौकशीत उभा राहिला असता.

"मले बाजू घेता येत नाही, पोरी," दयाराम म्हणाला. "नियम आहे तसा."

"मी बाजू नाही विचारली, काका. बियाणं विचारलं."

दयारामने तळहातावरची तंबाखू तोंडात टाकली. आणखी दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत कौसर थकली. 'नमुने घेताना माझ्याकडून सरमिसळ झाली,' असं तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. बाराही प्लॉटचे आकडे रद्द झाले. कंत्राट तरीही वाढलं नाही. दयारामने फाइलवर लिहिलं, 'वाद सामोपचाराने मिटला,' आणि प्रमुखांनी त्याची पाठ थोपटली.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात तो निवृत्त झाला. त्या हिवाळ्यात जिल्ह्यातली कपाशी आतून गेली. बाहेरून बोंड धडधाकट दिसायचं, फोडलं की किडकी सरकी आणि गुलाबी अळी. दुसरबीडला भावाच्या वावरात दयारामने एक बोंड फोडलं, मग दुसरं. भाऊ म्हणाला, "मोजून का रायला बे? मोजून का कमी होतीन?"

तो वीस बोंडं होईपर्यंत मोजत राहिला. आणि तिथे, त्या ओळीत, दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला नऊ नंबर आठवला.

दुसऱ्या दिवशी तो बसने बुलढाण्याला आणि तिथून देऊळघाटला गेला. कौसर घराच्या ओट्यावर दहावीच्या मुलींना विज्ञान शिकवत होती. तिने मुलींना घरी पाठवलं, त्याला पाणी दिलं. त्याने पाणी न पिता सगळं सांगितलं. पुड्या, नांग्या, सोजराबाई, चार आणि सात.

ती रागावली नाही. रागावली असती तर त्याला बसता आलं असतं.

"आणि नऊ?" तिने विचारलं.

"नऊत नांगी पडलीच नव्हती. सगळं उगवलं होतं."

"म्हणजे नऊमध्ये नुसतं बीटी होतं."

"हाव."

"काका, तुम्ही तेव्हा बोलला असता तर मी चार आणि सात खोडले असते. नऊ राहिला असता."

"हाव," दयाराम म्हणाला. "थेच सांगाले आलो."

तिने वहीतलं एक पान फाडलं. "सांगा. मी लिहिते."

त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश. तिने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. एक शब्दही कमी नव्हता, एकही जास्त नव्हता. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसं वाटतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

त्याने सही केली. मग पेन तसंच धरून विचारलं, "हे पाठवशीन कोणाले?"

तिने पान आपल्याकडे ओढलं, पाहिलं आणि परत त्याच्यापुढे सरकवलं.

"तारीख राहिली, काका. आजचीच टाका. तेव्हाची नका टाकू."