पोरीच्या वाफ्यातलं तण

आधी चहाचा कप खाली ठेवा. हसताना अंगावर सांडला तर मला बोलायचं न्हाई. आणि माझ्या घरी जाऊन कुणी हा विषय काढायचा न्हाई. तिथं आधीच दर सणाला निघतो.

आमची अश्विनी शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती तवाची गोष्ट. आमी महाळुंग्याचे. आमच्या सोयाबीनच्या रानात आता कंपनीची शेड उभी हाय, आणि मी त्याच कंपनीचे क्रेट पिकअपमधनं वाहतो. आठ वर्षं हातात खुरपं न्हाई. हे ध्यानात ठेवा.

शेवटच्या वर्षी पोरांना एकेक प्रयोग करायचा असतो. अश्विनीचा सोयाबीनचा होता, कॉलेजच्याच रानात, वाफे पाडून. त्या दिवशी दुपारी तीनला परीक्षा घ्यायला बाहेरचे सर वाफे बघायला येणार होते. त्यांनी मान हलवली तर पास, न्हाईतर पुढच्या पावसाळ्यात परत पेरणीपासनं. अख्खं वर्ष पाण्यात. पोरगी त्या भ्यानं जेवत नव्हती. म्हणून तिच्या आईनं डबा भरला आणि मी एक फेरी सोडून कॉलेजात गेलो.

पोरगी वर्गात होती. म्हणलं, तवर वाफे तरी बघू. बघितले, आणि टाळकंच सरकलं राव.

बाकीचे वाफे कसे, ताटात जेवावं असे. आणि मधीमधी तीन वाफे तणानं बुजलेले. केना, लव्हाळा, काय म्हणाल ते. सोयाबीन हुडकावं लागत होतं. बारक्या पाट्या रोवलेल्या, पण इंग्रजीत. माझी शाळा चौथीला सुटली. पण वाफ्यांच्या डोक्याशी जी मोठी पाटी होती, ती मराठीत. पोरीचं नाव, मधी माझं नाव, मग आडनाव. गावभर तण असू दे हो, माझ्या नावाखाली कशाला?

घड्याळात बारा वाजलेले. तुमी काय केलं असतं?

बांधावर खुरपणीच्या बाया जेवायला बसल्या होत्या. मी जाऊन विचारलं, हे तीन वाफे कुणी सोडले. त्यात सुमनबाई म्हणून एक होती. भाकरी मोडता मोडता ती म्हणली, "दादा, त्या तिन्हीत हात घालायचा न्हाई. तसंच ठिवायला सांगितलंय सरांनी."

"तण ठेवायला? लोणचं घालायचंय का त्याचं?"

"ते आमाला काय ठावं. आमाला न्हाई म्हणलंय, आमी न्हाई करत."

झालं. मला वाटलं, कामचुकार बाई, वर सरांचं नाव पुढं करती. तिला मी काय काय बोललो ते सांगत न्हाई, तुमच्यात दोघं माळकरी बसलेत. तिचंच खुरपं उचललं, पँट गुडघ्यापत्तर दुमडली आणि बसलो.

आणि हात काय चालले म्हणता! आठ वर्षांची भूक. पहिला वाफा मुळासकट साफ. दुसरा साफ. तणाचा ढीग कमरेएवढा. मनात म्हणतोय, पोरगी बघंल तर म्हणंल, बाप असावा तर असा. तिसरा वाफा निम्मा झाला, आणि पोरगी आली.

ती ढिगापाशी बसली आणि उपटलेलं तण हातात घेतलं.

"आबा, हे काय केलंत?"

"साफ केलं. तीनच्या आत."

"आबा, ते तण म्हणजेच माझा प्रयोग होता."

मग तिनं सांगितलं. कुठल्या वाफ्यात औषध मारलेलं, कुठं खुरपलेलं. कशानं तण किती कमी झालं ते मोजायचं. पण कमी म्हणजे कशापरीस कमी? त्यासाठी तीन वाफे पेरल्यापासनं हात न लावता ठेवलेले. दोन महिने ती त्या तणाची राखण करत होती. ढोर शिरंल म्हणून कुंपण घातलेलं. बाप शिरंल हे तिच्या डोक्यात आलं न्हाई.

पोरीचं वर्ष मी स्वतःच्या हातानं उपटून बांधावर टाकलं होतं. दीड वाजून गेलेला.

म्हणलं, लावतो परत. ती म्हणली, "नको आबा, मी सरांना खरं सांगते." मी ऐकतोय व्हय? ढिगातनं जितं तण निवडलं आणि लागलो लावायला. सुमनबाईपुढं हात जोडले, तवा ती घागर घेऊन आली. "मी आजवर तण काढायचीच मजुरी केली बाई," पोरीला म्हणत होती, "लावायची पैल्यांदाच."

तीनला सर आले. मी कडंला, मातीचे हात पाठीमागं लपवून. सर पहिल्या वाफ्यापाशी वाकले. दुसऱ्यापाशी वाकले. बराच वेळ उठंचनात. मग माझ्याकडं वळले.

"आपण कोण?"

"पोरीचा बाप."

"शेती करायचात?"

"व्हय. कसं वळाखलं?"

"वीत-वीत अंतरावर, सरळ ओळीत उगवलेलं तण मी आज पहिल्यांदा बघतोय."

आता हाताला सवयच ती. एकेकाच्या बुडाला ओंजळभर पाणीबी घातलेलं.

पोरीनं सगळं खरं सांगितलं. सरांनी तिची वही मागितली. आधीच्या दोन मोजण्या लिहिलेल्या होत्या. मग ते म्हणले, तिसरा वाफा निम्मा शाबूत हाय, त्यातलं मोज, आणि झालं ते अहवालात जसंच्या तसं लिही.

पास झाली. मार्क जरा कापले, पण वर्ष वाचलं. अहवालाचं जाड पुस्तक झालंय, कॉलेजच्या लायब्ररीत हाय. आख्खं इंग्रजीत. मी हट्टानं तिला मराठीत वाचून दाखवायला लावलं. त्यात एक पान हाय, प्रयोगाचं नुकसान कशानं झालं आणि त्याच्यावर उपाय काय केला.

पानं खाणारी अळी. उपाय, फवारणी.

साचलेलं पाणी. उपाय, चर काढला.

विद्यार्थिनीचे वडील. उपाय, आढळला नाही.